जर्मनीकडे जाणारा डेटा २० एमबीपीएसवर अडकतो, स्पीड टेस्ट मात्र उत्तम: कायमस्वरूपी मोजमाप कसे लावावे?

बेलापूरचा नेटवर्कवाला

नमस्कार. नवी मुंबईतील एका संशोधन संस्थेत मी गेली काही वर्षे नेटवर्क सांभाळतो. आमच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाच्या प्रतिमा जर्मनीतील एका सहयोगी गटाकडे पाठवाव्या लागतात आणि एका प्रयोगाचा डेटा साधारण २ टीबी भरतो. आमची बाहेरची जोडणी १ जीबीपीएसची आहे. ती पूर्ण मिळाली, तर २ टीबी जायला साडेचार तासांच्या आसपास लागायला हवेत. प्रत्यक्षात वेग १८ ते २२ एमबीपीएसच्या वर जात नाही, म्हणजे तेवढाच डेटा जायला नऊ दिवस लागतात. मधे एकदा तुटले की मुक्काम आणखी वाढतो. आमच्या एका शास्त्रज्ञबाईंनी गेल्या महिन्यात हार्ड डिस्क सरळ कुरिअरने पाठवली आणि ती पाचव्या दिवशी पोचली. त्या काही बोलल्या नाहीत, पण कुरिअरची पावती माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

मी जे पाहिले ते असे. सर्व्हर रूममधून मुंबईतल्या सर्व्हरवर स्पीड टेस्ट केली की ९३० एमबीपीएस मिळतात, प्रयोगशाळेच्या इमारतीतून केली की अपलोड ६४० दाखवते, तेही वाईट नाही. जर्मनीला पिंग केले तर १४० मिलिसेकंद लागतात आणि १०० पैकी १०० उत्तरे येतात. राउटरच्या बाहेरच्या पोर्टवर एकही एरर नाही. प्रयोगशाळेच्या स्विचवरून जो अपलिंक (सर्व्हर रूमकडे जाणारी जोडणी) निघतो त्याचा काउंटरही शून्य दाखवतो. विशेष म्हणजे तिकडून इकडे येणारा डेटा १०० एमबीपीएसच्या वर सहज येतो. अडचण फक्त जाणाऱ्या डेटाची आहे.

सेवा पुरवठादाराचा अभियंता येऊन गेला. त्याने स्वतःचा लॅपटॉप आमच्या राउटरला लावला, ९४० एमबीपीएस दाखवले आणि ‘सेवा समाधानकारक’ असे लिहिलेल्या कागदावर माझी सही घेऊन गेला. त्यानंतर मी फोन केला की मला माझीच सही दाखवली जाते. जर्मनीतील गट म्हणतो की त्यांच्याकडे सर्व ठीक आहे, आणि आमचे संचालक विचारतात की नेमकी चूक कोणाची.

मला एकदाची तपासणी नको आहे. मोजमाप रोज आपोआप चालावे, त्याची नोंद राहावी आणि ‘अमुक दिवशी, अमुक टप्प्यावर बिघडले’ असे दाखवता यावे, अशी व्यवस्था हवी आहे. काय मोजावे, किती वेळा मोजावे आणि त्यासाठी कोणती यंत्रे लागतील, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

वाशीखाडी

तुमच्या प्रश्नातले सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेला आहात: सर्व्हर रूममधून ९३० आणि प्रयोगशाळेतून ६४०. एकाच आवारातल्या दोन जागांमध्ये एवढा फरक का पडावा? ‘६४० वाईट नाही’ असे म्हणून तो सोडून देण्यासारखा नाही. जर्मनीच्या २० एमबीपीएसचे मूळ तिथेच असावे असा माझा कयास आहे. कारण जरा विस्ताराने सांगतो, कारण मोजमापाची सगळी मांडणी त्यावरच अवलंबून आहे.

टीसीपी, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे (पॅकेट) करून तो पोचवण्याची इंटरनेटची पद्धत, हरवलेल्या पॅकेटकडे वाटेत गर्दी झाल्याची खूण म्हणून पाहते आणि वेग कमी करते. कमी केलेला वेग ती पोचपावत्या येतील तसा हळूहळू वाढवते. पोचपावती दोन मिलिसेकंदांत येत असेल, तर वेग डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पूर्ववत होतो. ती १४० मिलिसेकंदांनी येत असेल, तर तेवढ्याच नुकसानीतून सावरायला सत्तर पट वेळ लागतो, आणि बहुधा पूर्ण सावरण्याआधीच पुढचे पॅकेट हरवलेले असते. मॅथिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे सूत्र मांडले. ढोबळमानाने सांगायचे तर मिळणारा वेग पॅकेटच्या आकाराच्या सम प्रमाणात असतो, आणि जाऊन-येऊन लागणारा वेळ व गळतीचे, म्हणजे हरवणाऱ्या पॅकेटांच्या प्रमाणाचे, वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या व्यस्त प्रमाणात असतो.

आता आकडे घालून पाहू. समजा, दहा हजारांत एक पॅकेट हरवते आहे. १,४६० बाइटांच्या पॅकेटसाठी आणि २ मिलिसेकंदांच्या अंतरावर हे सूत्र ६०० ते ७०० एमबीपीएस देते. तुमचे ६४० बरोबर त्यात बसतात. तीच गळती १४० मिलिसेकंदांवर ठेवली तर १० एमबीपीएस येतात. हे सूत्र टीसीपीच्या वेग ठरवण्याच्या जुन्या रेनो पद्धतीचे आहे. लिनक्समध्ये आज मूळचीच असलेली क्युबिक पद्धत लांबच्या अंतरावर थोडी धीट असते आणि याच आकड्यांवर तिचा हिशेब २० एमबीपीएसच्या आसपास येतो. तुम्हाला मिळतात १८ ते २२. एवढा मेळ योगायोगाने बसला असेल, असे मला वाटत नाही.

पुरवठादाराचा लॅपटॉप ही गळती कधीच पकडणार नव्हता. तो तुमच्या राउटरला लावला होता, म्हणजे प्रयोगशाळेपासून सर्व्हर रूमपर्यंतचा टप्पा त्याने ओलांडलाच नाही. शिवाय त्याची चाचणी जवळच्या सर्व्हरशी होती आणि जवळच्या चाचणीत अशी गळती झाकली जाते. तुमच्या १०० पिंगांनीही ती दिसणार नाही, कारण दहा हजारांतले एक शोधायला शंभर नमुने कसे पुरतील? आणि पिंग जाऊन परत येतो, त्यामुळे उत्तर आले नाही तर जाताना हरवले की येताना, हे तो सांगू शकत नाही. तुमची तक्रार तर एकाच दिशेची आहे.

म्हणून परफसोनार लावा. संशोधन नेटवर्कांच्या जगात याच कामासाठी ते तयार झाले. अमेरिकेतील ईएसनेट आणि इंटरनेट२, युरोपातील जीआँ, तसेच इंडियाना आणि मिशिगन ही विद्यापीठे यांनी मिळून ते घडवले आहे आणि ते विनामूल्य आहे. त्यात ओडब्ल्यूएएमपी नावाची एकतर्फी मोजणी आहे. ती प्रत्येक दिशेचा उशीर आणि गळती वेगवेगळी देते. दर सेकंदाला १० पॅकेटे सतत जात राहतात, म्हणजे मिनिटाला ६०० आणि दिवसाला ८,६४,०००. दहा हजारांत एक हरवत असेल, तर दिवसभरात ऐंशीच्या वर नोंदी जमतील आणि संशयाला जागा उरणार नाही.

एक यंत्र प्रयोगशाळेच्या स्विचला लावा, दुसरे सर्व्हर रूममध्ये राउटरच्या अगदी शेजारी ठेवा आणि तिसऱ्यासाठी जर्मनीतील गटाला विनंती करा. त्यांच्या विद्यापीठात ते बहुधा आधीच चालू असेल. फार महाग यंत्रे नकोत, पण आभासी मशीनवर मात्र लावू नका. गळतीची मोजणी अखंड चालू ठेवा. थ्रूपुटची चाचणी, म्हणजे आयपर्फ३, दर सहा तासांनी प्रत्येक दिशेला ३० सेकंद पुरे. १ जीबीपीएसने ३० सेकंद म्हणजे पावणेचार जीबी. ती दर दहा मिनिटांनी लावाल, तर तुमचे शास्त्रज्ञ मोजणीलाच बिघाड समजतील.

कोपरीपूल

वाशीखाडी साहेबांनी गणित चोख मांडले आहे, पण एका माणसाने सांभाळायच्या संस्थेत एकदम परफसोनार उभे करणे म्हणजे डासासाठी तोफ आणण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या एका कार्यालयात बारा वर्षे हेच काम केले. आमच्याकडे एका जुन्या संगणकावर स्मोकपिंग (सतत पिंग करून आलेख काढणारे साधन) चालत असे आणि नव्वद टक्के भांडणे त्याच्या आलेखावर मिटत असत. रस्ता खोदला गेला, फायबर तुटली आणि वाहतूक दुसऱ्या वाटेने गेली, की जाऊन-येऊन लागणारा वेळ पायरी चढल्यासारखा वर जाई आणि तिथेच स्थिरावे. पुरवठादार ‘लाइन चालू आहे’ म्हणे आणि ते खरेही असे, पण लाइन भलत्याच वाटेने चालू असे.

तेव्हा दर तासाला ट्रेसरूटची, म्हणजे डेटा कोणकोणत्या राउटरांतून जातो त्याची, नोंद ठेवा, हे माझे पहिले सांगणे. भारतातून युरोपकडे जाणाऱ्या बऱ्याच केबली तांबड्या समुद्रातून आणि इजिप्तमधून जातात. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात केबली तुटल्या, तेव्हा कित्येक मार्ग लांबून वळले. सरळ रेषेत मुंबई ते जर्मनीतील फ्रँकफर्ट सुमारे ६,६०० किलोमीटर अंतर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६६ मिलिसेकंद लागणारच. तुमचे १४० हे केबलीच्या प्रत्यक्ष वळणांचा विचार करता रास्त आहेत. एखाद्या दिवशी ते ३०० च्या वर गेले, तर डेटा पूर्वेकडून जगाला वळसा घालून जात असेल, हे नोंद पाहताच कळेल.

दुसरे सांगणे प्रत्येक टप्प्यावरची गळती दाखवणाऱ्या एमटीआर या साधनाविषयी. मधल्या एखाद्या राउटरवर ४० टक्के गळती दिसली आणि त्यापुढच्या सर्व टप्प्यांवर शून्य दिसली, तर ती गळती नसते. तो राउटर आपल्या चौकशीला उत्तर देण्याचे काम सवडीने करतो, एवढाच त्याचा अर्थ. असल्या चित्रांची तक्रार करून मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे, म्हणून आवर्जून सांगतो.

पाचपाखाडी

कोपरीपूल दादा, नेहमीच्या कार्यालयासाठी तुमचे म्हणणे मला मान्य आहे. इथे मात्र प्रश्न एका दिशेच्या आणि अगदी बारीक गळतीचा आहे आणि स्मोकपिंग नेमके तिथेच आंधळे ठरते. मी एका भौतिकशास्त्र सहयोगाच्या संगणक गटात काम केले आहे. तिथे दोन ठिकाणांमधले मोजमाप हा आमच्या रोजच्या कामाचाच भाग असे. मुंबईची टीआयएफआर सीएमएस प्रयोगासाठी आणि कोलकात्याचे व्हीईसीसी ॲलिस प्रयोगासाठी सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी संस्थेच्या जागतिक संगणक जाळ्याची दुसऱ्या स्तराची केंद्रे चालवतात. अशा केंद्रांनी परफसोनार चालू ठेवावे, अशी त्या जाळ्यात अपेक्षाच असते. फेब्रुवारी २०२४ मधल्या डेटा चॅलेंजमध्ये पुढच्या टप्प्यातल्या कोलायडरला लागणाऱ्या वेगाच्या २५ टक्के वेग सर्वांनी मिळून गाठून पाहिला. असल्या कसोटीत वेग कुठे अडला हे सांगायला केंद्राकेंद्रांमधल्या आधीच्या मोजणीचा इतिहास हाताशी लागतो.

वाशीखाडी साहेबांच्या उत्तरात मात्र मला एक महत्त्वाची दुरुस्ती सुचवायची आहे. ओडब्ल्यूएएमपीची पॅकेटे मूळच्या मांडणीत फार लहान असतात. गळती जर राउटरच्या रांगा भरल्यामुळे होत असेल, तर लहान-मोठी पॅकेटे साधारण सारखीच हरवतात. पण ती जर खराब फायबरमुळे किंवा मरणपंथाला लागलेल्या मॉड्यूलमुळे (फायबरच्या टोकाला प्रकाश पाठवणारा-वाचणारा भाग) होत असेल, तर एखादा बिट बिघडतो आणि ज्या पॅकेटमध्ये तो असेल ते संपूर्ण पॅकेट पुढचा स्विच टाकून देतो. १,५०० बाइटांच्या पॅकेटमध्ये बिट जास्त, म्हणून बिघडण्याची शक्यताही जास्त. लहान पॅकेट बिघडण्याची शक्यता त्याच्या पंधरा-वीस पटीने कमी. म्हणजे तुमची खरी गळती दहा हजारांत एक असली, तरी लहान पॅकेटांना दिवसाकाठी ऐंशी नव्हे, चार-पाचच नोंदी दिसतील आणि तुम्ही ‘किरकोळ’ म्हणून सोडून द्याल. त्यासाठी चाचणी ठरवताना पॅकेटमध्ये भर घालून त्याचा आकार १,४०० बाइटांच्या आसपास न्या. शक्य असेल तर एक लहान पॅकेटांची आणि एक मोठ्या पॅकेटांची अशा दोन मोजण्या समांतर चालवा. मोठ्यांत गळती दिसली आणि लहानांत जवळजवळ नसली, तर दोष केबलीत किंवा जोडणीत शोधा. दोन्हींत सारखी असली, तर रांगा आणि फायरवॉल तपासा.

घड्याळांकडेही लक्ष द्या. एकतर्फी उशीर म्हणजे तिकडच्या घड्याळातून इकडचे घड्याळ वजा करणे, त्यामुळे घड्याळ चुकले की मोजणी चुकते. आमच्या एका यंत्राचे एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी सोय) बंद पडले होते आणि काही दिवसांनी आलेखावर उशीर शून्याखाली गेला. म्हणजे पत्र पेटीत टाकण्याआधीच पोचू लागले होते. गळतीच्या मोजणीला याने फारसा धक्का बसत नाही, पण उशिराच्या आकड्यांवर कोणाचा विश्वास उरत नाही. चार वेगवेगळ्या एनटीपी सर्व्हरांशी यंत्र जोडून ठेवा. आणि सर्व नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत ठेवा. आमच्याकडे दोन आठवडे वाद चालला होता की त्यांच्या बिघाडाच्या वेळी आमच्याकडे काहीच घडलेले नाही. शेवटी कळले की एकजण साडेपाच तास मिळवून लिहीत होता आणि दुसरा न मिळवता.

तुमच्या फायरवॉलवर ओडब्ल्यूएएमपीसाठी टीसीपी ८६१ आणि यूडीपी ८७६० ते ९९६०, वेळापत्रकासाठी ४४३ आणि आयपर्फ३साठी ५२०१ ही पोर्टे त्या दोन यंत्रांपुरती उघडावी लागतील. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.

वाशीखाडी

पाचपाखाडीताईंची दुरुस्ती पूर्णपणे मान्य. ती माझ्याकडून सुटली, हे कबूल करतो.

फायरवॉलचा विषय निघालाच आहे, तर दोन शब्द. सायन्स डीएमझेड, म्हणजे संशोधनाचा मोठा डेटा नेहमीच्या फायरवॉलपासून वेगळ्या वाटेने नेण्याची रचना, मांडणाऱ्या २०१३ च्या निबंधात पेन स्टेट विद्यापीठाचे एक उदाहरण आहे. तिथे १ जीबीपीएसच्या जोडणीवर सुमारे ५० एमबीपीएसच मिळत होते. फायरवॉलमधली टीसीपीचे क्रमांक तपासणारी एक सोय विंडो स्केलिंगचा (एका वेळी जास्त डेटा वाटेवर ठेवू देणारा) पर्याय पुसून टाकत होती, त्यामुळे एका वेळी ६४ केबीच्या वर डेटा वाटेवर राहू शकत नव्हता. १० मिलिसेकंदांवर ६४ केबी म्हणजे बरोबर ५० एमबीपीएस. तुमच्या १४० मिलिसेकंदांवर तोच दोष असता, तर वेग ४ एमबीपीएसच्याही खाली गेला असता. तुम्हाला २० मिळतात, म्हणून हा दोष तुमच्याकडे नसावा.

त्याच निबंधात ईएसनेटचाही एक किस्सा आहे आणि तो तुमच्या अडचणीच्या अधिक जवळचा आहे. १० जीबीपीएसच्या राउटरमधले एक लाइन कार्ड २२,००० पैकी एक पॅकेट टाकून देत होते. राउटरचे स्वतःचे एरर काउंटर त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते आणि ते पकडले गेले बाहेरून केलेल्या गळतीच्या मोजणीने. तेव्हा तुमच्या स्विचवर शून्य दिसते, यावर फार विसंबू नका. शिवाय एक साधी गोष्ट विचारतो: तो शून्य तुम्ही पाठवणाऱ्या बाजूच्या स्विचवर पाहिला की घेणाऱ्या? बिघडलेली फ्रेम (तारेवरून जाणारे पॅकेट) पाठवणाऱ्याला कळत नाही. तिची नोंद घेणाऱ्याच्या पोर्टवर होते.

बेलापूरचा नेटवर्कवाला

सर्वांचे मनापासून आभार. वाशीखाडी साहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. मी प्रयोगशाळेच्या बाजूचा, म्हणजे पाठवणाऱ्या बाजूचाच काउंटर पाहिला होता. सर्व्हर रूममध्ये जिथे ती फायबर येऊन पोचते, त्या स्विचवर माझी नजर कधी गेलीच नाही, कारण तो स्विच माझ्याआधीच्या सहकाऱ्याने बसवला आणि त्याचा पासवर्ड एका जुन्या वहीत होता. वही सापडली तर ठीक, नाहीतर स्विच रीसेट करावा लागेल. तीन आठवड्यांनी सविस्तर लिहितो.

बेलापूरचा नेटवर्कवाला

कबूल केल्याप्रमाणे सविस्तर लिहितो आहे.

वही सापडली. पण मी मुद्दाम आधी मोजणी लावली आणि मग स्विच उघडला, कारण मोजमापावर माझा स्वतःचा विश्वास बसायला हवा होता. जुन्या दोन संगणकांवर परफसोनार बसवले. जर्मनीतील विद्यापीठात ते खरोखरच चालू होते आणि एका ई-मेलवर त्यांनी आम्हाला परवानगी दिली. पाचपाखाडीताईंनी सांगितल्याप्रमाणे लहान आणि मोठ्या पॅकेटांच्या वेगवेगळ्या मोजण्या ठेवल्या. चौथ्या दिवशी चित्र असे होते: सर्व्हर रूम ते जर्मनी, दोन्ही दिशांना गळती जवळजवळ नाही. प्रयोगशाळा ते सर्व्हर रूम, म्हणजे उणेपुरे ४०० मीटर, मोठ्या पॅकेटांत दिवसाला ७० ते ९० नोंदी, लहान पॅकेटांत दोन किंवा तीन. आणि उलट दिशेला, सर्व्हर रूम ते प्रयोगशाळा, शून्य. जर्मनीपर्यंतच्या साऱ्या वाटेत दोष होता तो आमच्याच आवारातल्या जिन्याखाली.

मग सर्व्हर रूममधला स्विच उघडला. घेणाऱ्या पोर्टवर सीआरसी एररचा, म्हणजे बिघडून आलेल्या फ्रेमांचा, आकडा सहा अंकी होता आणि माझ्या डोळ्यांसमोर वाढत होता. त्या मॉड्यूलला पोचणारा प्रकाश उणे १५.८ डीबीएम होता (उण्याचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). या जातीच्या १० जीबीपीएस मॉड्यूलची खात्रीची मर्यादा उणे १४.४ आहे, म्हणजे ते बिचारे अंधारात चाचपडत वाचत होते. फायबरच्या जोडीत एक तंतू जाणारा आणि एक येणारा असतो. आमचा जाणाराच तेवढा आजारी होता, म्हणून तक्रार एका दिशेची होती.

जिन्याखालच्या भिंतीवर फायबरची पेटी आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे छताचे काम झाले, तेव्हा कोणीतरी ती पेटी सरकवून पुन्हा लावली असावी. झाकणाला फट राहिली होती आणि पावसाळ्याची ओल आत शिरली होती. पॅच कॉर्ड पेटीच्या कडेला इतकी घट्ट वळली होती की तिचा पिवळा वेष्टनाचा भाग तिथे पांढुरका पडला होता. कनेक्टर काढून हातातल्या छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर तंतूच्या तोंडावर छताच्या पांढऱ्या भुकटीचा थर होता आणि त्यात ओल मुरून त्याचे चक्क पापुद्रे झाले होते. ज्या संस्थेत रोज पेशींच्या प्रतिमा घेतल्या जातात, तिथे ही प्रतिमा कोणीच घेतली नव्हती. पॅच कॉर्ड बदलली, दोन्ही टोके क्लीनरने पुसली आणि झाकणाला रबर लावून पेटी बंद केली. प्रकाश उणे ५.१ वर आला. त्या क्षणापासून सीआरसीचा आकडा थांबला आहे.

आता जी गोष्ट मला अपेक्षित नव्हती ती सांगतो. दुरुस्तीनंतर आयपर्फ३ने जर्मनीकडे २१० एमबीपीएस दाखवले, ९०० नव्हे. लिनक्समध्ये पाठवण्याच्या बफरची (डेटा तात्पुरता धरून ठेवण्याच्या जागेची) मूळची कमाल मर्यादा ४ एमबी असते, आणि १ जीबीपीएस गुणिले १४० मिलिसेकंद म्हणजे साडेसतरा एमबी डेटा एका वेळी वाटेवर हवा. मर्यादा ६४ एमबी केल्यावर ८७० मिळाले. आम्ही फायली ज्याने पाठवतो तो आरसिंक मात्र १०५ वरच अडून बसला आहे. याचे कारण कोणी सांगू शकेल काय?

पाचपाखाडी

अभिनंदन. आरसिंक तुम्ही एसएसएचवरून, म्हणजे सुरक्षित जोडणीतून, चालवत असणार. ओपनएसएसएच या तिच्या नेहमीच्या आवृत्तीची स्वतःची आतली खिडकी (एका वेळी वाटेवर ठेवायच्या डेटाची मर्यादा) असते आणि ती २ एमबीची आहे. १४० मिलिसेकंदांवर २ एमबी म्हणजे जास्तीत जास्त १२० एमबीपीएस. तिकडून इकडे येणारा डेटा १०० च्या थोडा वरच का थांबत होता, याचेही उत्तर बहुधा हेच आहे. बाहेरचा बफर कितीही वाढवला, तरी ही आतली मर्यादा हलत नाही. दोन मार्ग आहेत: फोल्डर वाटून आठ-दहा आरसिंक एकाच वेळी चालवा, किंवा ग्रिडएफटीपीवर आधारलेले ग्लोबससारखे साधन वापरा, जे मुळातच अनेक प्रवाहांनी डेटा नेते. पिट्सबर्ग सुपरकम्प्युटिंग सेंटरने याच अडचणीसाठी एसएसएचची सुधारित आवृत्तीही केली आहे, पण ती निदान डेटा घेणाऱ्या टोकाला बसवावी लागते.

कोपरीपूल

तोफेबद्दलचे माझे शब्द मागे घेतो. स्मोकपिंगने ही पेटी जन्मात सापडली नसती. एकच विचारतो: आता पुरवठादाराला काय सांगणार?

बेलापूरचा नेटवर्कवाला

त्यांची क्षमा मागणारे पत्र पाठवले आहे. सोबत सर्व्हर रूम ते जर्मनी या टप्प्याचा तीन आठवड्यांचा आलेख जोडला आणि पुढे काही बिघडले तर याच आलेखावर बोलू, असे लिहिले. त्यांच्या अभियंत्याने उलट फोन करून हे यंत्र आपल्या आणखी दोन ग्राहकांकडे लावता येईल का, असे विचारले आहे.

पाचपाखाडीताई, आठ आरसिंक एकत्र चालवून पाहिले. ७६० एमबीपीएस मिळाले. उद्या दुपारी साडेबाराला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊ वाजता, पुढच्या प्रयोगाचे २ टीबी पाठवायला सुरुवात करणार आहे. घेणाऱ्या पोर्टवरचा सीआरसी आकडा दिवसात एकाने जरी वाढला, तरी मला निरोप यावा अशी सूचना लावून ठेवली आहे. जिन्याखालच्या पेटीवर संस्थेच्या शिक्क्याचा कागद चिकटवला आहे आणि छताचे काम करणाऱ्यांना तो वाचता यावा म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिला आहे.

वाशीखाडी

कागद ओलीने गळून पडेल. प्लॅस्टिकची पाटी करा, आणि जोडीतल्या दुसऱ्या तंतूचे टोकही याच आठवड्यात पुसून घ्या. तोही त्याच पेटीत होता.

बेलापूरचा नेटवर्कवाला

आजच पाहिले. त्यावरही भुकटी होती, फक्त मधल्या ठिपक्यापर्यंत पोचली नव्हती. पुसून घेतला. पाटीची मागणी भांडार विभागाकडे दिली आहे.